पायी सराफ्याकडे

रात्रीचे आठ वाजले की इंदूरच्या सराफ्यात एक बाजार मिटतो आणि दुसरा उघडतो. दिवसभर ज्या पेढ्यांवर सोन्याचांदीचा तोल चाललेला असतो, त्यांची लोखंडी दारे खडखडत खाली येतात आणि कुलूप घालून शेठजी गल्लीच्या टोकाशी पोहोचतात न पोहोचतात तोच त्यांच्याच ओट्यांवर कढया, शेगड्या आणि पराती मांडल्या जातात. जिथे दुपारी गुंजभर सोन्यासाठी घासाघीस झाली, तिथेच तासाभराने पाव किलोचा जलेबा पाकातून वर येतो. रात्री वर्दळ राहिली म्हणजे पेढ्यांची आपोआप राखण होते, म्हणून सराफांनीच या मंडळींना ओटे वापरू दिले, असे जुने लोक सांगतात. कारण काहीही असो, राजवाड्याच्या पाठीशी असलेली ही गल्ली मध्यरात्र उलटून गेली तरी जागी असते, आणि पुण्यामुंबईहून आलेल्या पाहुण्याला ती दाखवल्यावाचून आपल्यापैकी कोणाचेच आतिथ्य पुरे होत नाही.

या सराफ्याशी माझे नाते तीन वेळा बदलले. त्यातला मधला काळ सांगण्यासारखा नाही, पण तो वगळला तर उरलेल्या दोहोंना काही अर्थ राहणार नाही.

माझ्या लहानपणी आम्ही रामबागेत राहत होतो. वडील वर्षातून फार तर दोनदा आम्हांला सराफ्यात नेत. एकदा दिवाळीनंतर, आणि एकदा मामा उज्जैनहून आले म्हणजे. जाण्याचा एक नियमच होता. घरी वरणभात जेवून निघायचे आणि पायी जायचे. जेल रोडने कृष्णपुऱ्याच्या पुलावर यायचे, होळकरांच्या छत्र्यांपाशी क्षणभर थांबायचे, मग राजवाड्याच्या सात मजल्यांकडे मान वर करून पाहायचे. खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे, हे वडील दर खेपेस नव्याने सांगत. (1984 साली आग लागून त्यातले बरेच लाकूड जळाले, तेव्हापासून ते सांगणे त्यांनी सोडून दिले. राजवाड्याची दुरुस्ती झाली, पण वडिलांचे ते वाक्य काही परत आले नाही.) सराफ्यात शिरल्यावर एक दोना भुट्ट्याचा कीस घेतला जाई. खाणारे आम्ही पाच. दोना वडिलांच्या हातात आणि चमचा आळीपाळीने प्रत्येकाच्या. शेवटचा चमचा आईचा. मग थंडीचे दिवस असले तर चार फोडी गराडू, आणि परत. ‘सराफा पोट भरण्याची जागा नव्हे, चव पाहण्याची जागा आहे,’ असे वडील म्हणत. त्या वेळी मला तो त्यांच्या तुटपुंज्या पगाराचा शहाणपणा वाटे. थोडा तो होताही.

घरच्या जेवणालाही असेच एक माप होते. ताटात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मधे भाताची मूद. चटणी डावीकडे का, असे आजीला विचारले तर ती म्हणे, ‘डावीकडचे बोटाने खायचे, उजवीकडचे घासाने.’ एवढ्या एका वाक्यात तिने आहारशास्त्राचा एक धडा उरकला होता, हे मला पन्नाशीनंतर कळले. पानात टाकलेले तिला चालत नसे; पण पानात वाढून घेताना ती कोणाला घाईही करू देत नसे. आपल्या मंडळींनी माळव्यात येऊन पोह्यांना शेव आणि जिरावण घालायला शिकावे, बडीशेप घातलेले वाफेवरचे पोहे जिलबीबरोबर खावे, हे सारे यथावकाश घडले, आणि त्यात गैर काहीच नव्हते. माळव्याने आम्हांला चव दिली. माप मात्र आम्ही बरोबर आणले होते, आणि ते आमचे आम्हीच हरवले.

माझ्यापुरते सांगायचे तर ते बावन्नाव्या वर्षी हरवलेले सापडले. रक्ताच्या तपासणीत मधुमेह निघाला. गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी जी तपासणी असते, तिचा आकडा 8.9 आला. औषधे सुरू झाली. सौभाग्यवतीने जेवणाचा कारभार हातात घेतला. दोन्ही वेळच्या पोळ्यांच्या जागी एक वेळ ज्वारीची भाकरी आली, मुगाची उसळ आली, भाताची मूद पुन्हा खरोखरच मुदीएवढी झाली. रात्री जेवल्यावर अर्धा तास चालणे ठरले. सहा-सात महिन्यांत आकडा 6.6 वर आला, आणि माझी खरी अधोगती तेथूनच सुरू झाली असे आता मला वाटते. कारण मी उपदेश करू लागलो. शिक्षक-कक्षात, लग्नाच्या पंगतीत, गणेशोत्सवाच्या मंडपात, जिथे दोन माणसे भेटतील तिथे मी सावकाश चावण्याचे माहात्म्य सांगू लागलो. पोट भरल्याची वार्ता मेंदूपर्यंत पोहोचायला काही मिनिटे लागतात, तोपर्यंत हात थांबला पाहिजे, हे मी इतक्या जणांना ऐकवले की स्वतः ऐकायचे राहून गेले.

घसरण कशी होते हे कोणी मला विचारले तर मी सांगेन की ती चिमूटभर शेवेने होते. थोरल्या मुलीचे लग्न ठरले. घरात महिनाभर पाहुणे, बाहेर फराळाचे डबे. ‘एवढ्याने काय होते’ म्हणून पोह्यांवर शेव आली. लग्न आटोपले, पाहुणे गेले, शेव राहिली. मग शाळेच्या वाटेवरच्या दुकानातली कचोरी आली. प्रथम आठवड्यातून एकदा, मग रोज, मग गाडी थांबण्यापूर्वीच दुकानदार माझ्या नावाची कागदात बांधू लागला. मी ती गाडीवर बसल्याबसल्या, एक पाय जमिनीवर टेकून, चार घासांत संपवीत असे. तिची चव कशी होती, असे आज कोणी विचारले तर मला सांगता येणार नाही. पुढे मोबाइलवरून मागवण्याची सोय हाती आली. ज्या सराफ्याला आम्ही वर्षातून दोनदा पायी जात होतो, तशाच पदार्थांचे डबे आता मोटारसायकलवरून माझ्या दारी येऊ लागले. रात्री दहा वाजता, वर्तमानपत्र वाचता वाचता, समोर काय आहे हे न पाहता मी ते खात होतो. सौभाग्यवतीने दोनदा बजावले. तिसऱ्यांदा ती काही बोलली नाही, आणि मी ते मौन सोयीस्करपणे संमतीत जमा केले.

रात्रीचे चालणे केव्हा सुटले, ते तर आठवतही नाही.

हे सारे घरापुरते राहिले असते तर मी हा लेख लिहिला नसता. परंतु मी सरकारी शाळेचा मुख्याध्यापक आहे. (मराठीत एम. ए. करून सारी नोकरी हिंदी माध्यमाच्या शाळेत केली. इंदुरात हे नवलाचे नाही.) आमच्या शाळेत दुपारी मुलांना शिजवलेले अन्न मिळते. केंद्राची ही योजना 1995 साली सुरू झाली आणि 2021 पासून ती पीएम पोषण या नावाने ओळखली जाते. प्राथमिक वर्गातल्या मुलामागे 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी असे तिचे प्रमाण आहे. मुलांना वाढण्यापूर्वी मोठ्या माणसांनी, आणि त्यांत एका शिक्षकाने, अन्न चाखून पाहायचे असा नियम आहे. आमच्या शाळेत त्याची नोंदवही असते आणि सही बहुधा माझी असते. पूर्वी मी वाटीभर वरण आणि एक पोळी घेऊन ओसरीवर बसून रीतसर खात असे. कचोरीचे दिवस आले तेव्हा पोटात जागा उरेना. मी नुसता पातेल्यात डोकावू लागलो. मग डोकावणेही थांबले. वही खोलीत येई, मी सही करी.

गेल्या पावसाळ्यातल्या एका दुपारी चौथीतली एक मुलगी हातात ताटली घेऊन माझ्या दाराशी उभी राहिली. म्हणाली, ‘सर, दाल में कंकड़ हैं, और कच्ची भी है. आपने चखी थी न?’

तिच्या प्रश्नात तक्रार नव्हती. सरांनी चाखली होती, तर मग असे कसे झाले, एवढेच तिला खरोखर जाणून घ्यायचे होते. मी उठून बाहेर गेलो. मुलांनी वरण बाजूला सारून कोरड्या पोळ्या खाल्ल्या होत्या. पातेले जवळजवळ भरलेले तसेच. स्वयंपाक करणाऱ्या बाया घाबरून उभ्या होत्या. गॅस मधेच संपला, दुसरी टाकी यायला वेळ लागला, डाळ निवडायची घाईत राहिली, असे त्यांनी सांगितले. मी त्यांना काय बोलणार? डाळ त्यांनी निवडली नव्हती, आणि मी चाखली नव्हती. पण त्या दोहोंत सही फक्त माझी होती. त्या दिवशी सकाळी सव्वानऊला मी दोन कचोऱ्या खाल्ल्या होत्या. त्या मुलीच्या घरी सकाळी काय शिजले होते, की शिजलेच नव्हते, हे मला ठाऊक नव्हते. वर्षानुवर्षे मी मुलांना ‘ताटात टाकू नका’ असे सांगत आलो होतो. त्या दिवशी साऱ्या शाळेने ताटात टाकले आणि ते माझ्यामुळे टाकले.

घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी कचरागाडीचे गाणे ऐकू आले, तेव्हा नेहमी सौभाग्यवती नेते त्या दोन्ही टोपल्या मी उचलल्या. आपले शहर 2017 पासून स्वच्छतेच्या सर्वेक्षणात वर्षामागून वर्षे पहिले येत आले, ते या ओल्या-सुक्या टोपल्यांच्या जिवावर, हे वाचकांना सांगायला नको. ओल्या टोपलीत पाहिले तर दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ, थोडी मेथीची भाजी. माझ्या वाटणीची. सुक्या टोपलीत चार रिकामे डबे, तेलाने पारदर्शक झालेले कागद, चटणीच्या पुड्या. तेही माझ्याच वाटणीचे. तोंडाने न बोलता सौभाग्यवती रोज सकाळी हे दोन ढीग वेगवेगळे करून दाराशी ठेवीत होती. शहराबाहेर देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा मोठा कारखाना 2022 साली सुरू झाला, रोज 550 टन कचरा पचवण्याची त्याची ताकद आहे, हे मी शाळेत अभिमानाने शिकवतो. त्या ढिगात माझ्या घरच्या भाकऱ्याही जात होत्या, हे मात्र कधी मनात आले नव्हते.

त्याच आठवड्यात तपासणी करून घेतली. आकडा 9.4. पहिल्या वेळेपेक्षाही वर.

पहिल्या खेपेस मी पुष्कळ प्रतिज्ञा केल्या होत्या. या खेपेस एकही केली नाही. प्रतिज्ञेला श्रोते लागतात, आणि श्रोत्यांची मला धास्ती बसली होती. डॉक्टरांनी औषधाची मात्रा बदलली आणि नवे पथ्य काही सांगितले नाही. ‘तुम्हांला सारे पाठ आहेच,’ एवढेच म्हणाले. ते मात्र लागले. मी शाळेची वाट बदलली. त्या दुकानदारावर माझा राग नाही, तो कचोरी उत्तम करतो. पण त्याच्या समोरून जाऊन थांबायचे नाही इतका पुरुषार्थ माझ्यात नाही, हे मान्य करणे मला सोपे वाटले. मोबाइलमधली ती सोय मुलाकडून काढवून घेतली. दुपारी बारा-साडेबाराला पातेल्याशी जाऊन वाटीभर वरण, अर्धी पोळी घेऊ लागलो आणि पूर्वीप्रमाणे ओसरीवर बसून खाऊ लागलो. घरी आजीच्या पद्धतीने ताट मांडायला सांगितले. मीठ, लिंबू, चटणी डावीकडे. वर्तमानपत्र दुसऱ्या खोलीत. पहिले आठ-दहा दिवस जेवण संपता संपेना. नुसते ताटाकडे पाहत घास चावत बसण्याइतके कंटाळवाणे काम जगात दुसरे नाही असे वाटे. मग हळूहळू मेथी कडवट लागू लागली, म्हणजे तिची चव कळू लागली.

मार्गशीर्षात एका रात्री मीच म्हटले, ‘सराफ्यात जाऊ या.’

सौभाग्यवतीने माझ्याकडे पाहिले. ‘अहो, आत्ता कुठे साखर उतरते आहे.’

‘पायी जाऊ. जेवून.’

‘जेवून कशाला जायचे मग?’

‘चव पाहायला,’ मी म्हटले. ती हसली नाही, पण शाल घेऊन आली.

रामबागेचे घर केव्हाच गेले. आता आम्ही पश्चिमेकडे राहतो, तेव्हा वाट जुनी नाही आणि पूर्वीपेक्षा बरीच लांब आहे. तरी राजवाड्यापाशी आलो तेव्हा मी मान वर केली आणि ‘खालचे तीन दगडाचे’ असे म्हणून गेलो. ‘वरचे चार लाकडाचे,’ तिने पुरे केले. माझ्या वडिलांकडून तिनेही ते ऐकले असणार.

सराफ्यात गर्दी होतीच. दहीवडेवाल्याने दोना हवेत उडवून अचूक झेलला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुढे खोबऱ्याचे पॅटीस, मावाबाटी, रबडी, आणि ती इंदुरी शिकंजी, जिच्यात दूध आणि सुकामेवा असतो आणि लिंबाच्या सरबताशी जिचा काहीएक संबंध नाही. जलेब्याच्या कढईपाशी मी थांबलो. एक मोठा जलेबा पाव किलोच्या पुढे भरतो. आमच्या शाळेतल्या लहान मुलाचे धान्य, डाळ आणि भाजी मिळून 170 ग्रॅम होते. हिशेब करायचा नव्हता, झाला. समोर एका मोटारीतून उतरलेल्या मंडळींनी सहा प्रकार मागवले, प्रत्येकातला घास घेतला, फोटो घेतले आणि उरलेले टोपलीत टाकले. टोपली मात्र ओल्याची बघून टाकली. आपले शहर शिस्तीचे आहे.

कीसवाल्याकडे आम्ही बराच वेळ नुसते पाहत उभे राहिलो. लहानपणी दोना हातात येईपर्यंत धीर नसे, त्यामुळे हा पदार्थ होतो कसा, हे मी कधी पाहिलेच नव्हते. मक्याची कणसे किसणीवर किसून घेतलेली. मोठ्या कढईत तूप, त्यात मोहरी, जिरे, हिंग, हिरवी मिरची. मग तो कीस पडतो आणि परतता परतता त्याचा कच्चा वास जातो. त्यावर दूध. पुढे झाऱ्याला विश्रांती नाही. कीस दूध पितो, आळतो, कडेने तूप सोडतो. या सगळ्याला जो वेळ लागतो तेवढ्या वेळात मी पूर्वी दोन डबे रिकामे केले असते. वरून कोथिंबीर, ओले खोबरे, लिंबाची पिळ. ‘दो प्लेट?’ त्याने विचारले. ‘एक,’ सौभाग्यवती म्हणाली, ‘चम्मच दो.’

ओट्याच्या कडेला टेकून आम्ही खाल्ले. मक्याचा गोडवा आधी येतो, मिरची मागून येते, आणि हिंग सर्वांत शेवटी, घशाशी. इतकी वर्षे इंदुरात राहून हा क्रम मला ठाऊक नव्हता. मी गराडूच्या चार फोडी घ्याव्या म्हणालो; तिने दोन घेतल्या. त्यावर जिरावण भुरभुरले होते आणि लिंबू होते. एक तिची, एक माझी. शेवटचा चमचा कीस दोन्यात राहिला होता. मी तो तिच्यापुढे केला, तर ती म्हणाली, ‘तुम्ही घ्या.’ मी म्हटले, ‘शेवटचा आईचा असे.’ तिने घेतला.

परतताना थंडी झोंबत होती. निम्म्या वाटेवर तिचे गुडघे दुखू लागले म्हणून आम्ही रिक्षा केली. तेव्हा पूर्ण फेरी पायी झाली असे मी म्हणू शकत नाही. महिन्याने तपासणी झाली, आकडा 7.5. ‘वाट अजून आहे,’ डॉक्टर म्हणाले.

सराफ्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत खिचडी होती. ओसरीवर बसून मी वाटीभर खाल्ली. ती चौथीतली मुलगी खांबाआडून पाहत होती. मी नोंदवही मागवली. मागची पाने चाळली तर महिनोन्‌महिने नुसत्या सह्याच सह्या होत्या, शेऱ्याचा रकाना कोरा. त्या दिवशी मी त्यात लिहिले, ‘मीठ किंचित अधिक, डाळ नीट शिजली आहे’, आणि स्वयंपाकाच्या बायांना ते वाचून दाखवले. ‘कल कम डालेंगे, सर,’ त्यांतली वयस्क बाई म्हणाली, आणि मुलांच्या पंगती बसू लागल्या.